अकरावं नाव

सरकारी रेडिओला माणूस मेला तर चालायचं, पण त्याला उर्फ असलेलं चालायचं नाही. नियम नवा होता, तीन आठवड्यांपूर्वीचा. आंटी युलाला तो रेडिओ कचेरीत मृत्यूची बातमी द्यायच्या खिडकीशी उभी राहिल्यावर कळला.

"कागदावरचं नाव सांगा, आंटी," खिडकीमागची मिस कॉर्लेट म्हणाली. "मृत्यूच्या दाखल्यावर आहे ते."

"अडॉल्फस थिओफिलस सेम्पल."

बोलून झाल्यावर आंटी युलालाच ते कुणा परक्याचं वाटलं. सख्ख्या भावाचं हे नाव सहासष्ट वर्षांत तिने चार-पाचदा घेतलं असेल, तेही कोर्टात.

"उर्फ किस्कडी," तिने पुढे सांगितलं.

"उर्फ नाही, आंटी."

"अगं बाई, उर्फ नाही घातलंस तर मेलं कोण हे कळायचं कुणाला?"

मिस कॉर्लेटने मान वर केली नाही. "नियम आहे. मी नाही केला."

गयानाच्या त्या किनाऱ्यावर प्रत्येकाला दोन नावं असतात. एक बाप्तिस्म्याचं, ते ट्रंकेत कागदांबरोबर ठेवायचं. दुसरं घरचं, त्याच नावाने माणूस शिव्या खातो, लग्न करतो आणि मरतो. किस्कडी म्हणजे तारेवर बसून दिवसभर ओरडणारा पिवळ्या छातीचा पक्षी. तो "काय म्हणाला? काय म्हणाला?" असंच विचारतो, असं तिकडचे लोक सांगतात. लहानपणी अडॉल्फस म्हाताऱ्यांच्या घोळक्यात बसून दर वाक्याला तेच विचारायचा, म्हणून हे नाव पडलं. पुढे जन्मभर त्याने तोच उद्योग केला. त्यालाच शिकलेली माणसं इतिहास म्हणतात.

काल प्रेताच्या कागदांवर सही घेताना तुरुंगाचा साहेब किती गोड बोलला होता! गुरुवारी दुपारी दोन वाजता, तुमच्याच प्रॉमिस गावात पुरा. मिरवणूक नको, कर्णा नको. "रेडिओवर मात्र जरूर द्या. आम्ही काय कुणाला अडवतो?" तो का हसला होता, ते तिला आत्ता कळलं. चार महिने कोठडीत ठेवून, शेवटचे नऊ दिवस दवाखान्याच्या खाटेवर टाकून, दाखल्यावर न्यूमोनिया लिहून मोकळे झाले. आता मेलेल्याचं नावही काढून घेतलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गर्दी जमली नसती तरी तिने पोटात घातलं असतं. पण एक माणूस लागणार होता. प्रॉमिसमध्ये पेटी दोरांवर चढली, की पाद्री कागदावरचं नाव वाचतो, ते देवासाठी. मग कुणीतरी पुढे होऊन घरच्या नावाने तीन हाका मारतो, त्या मेलेल्यासाठी. हाक मारणारा रक्ताचा असून चालत नाही. रक्ताच्या हाकेला मेलेला मागे वळतो, परक्याच्या हाकेला पुढे चालतो, अशी तिकडची म्हण आहे. ज्याला हाक मिळत नाही तो कालव्याच्या दारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःचं नाव विचारत राहतो. आंटी युला पाद्र्यांना हसायची, पुढाऱ्यांना हसायची, पण या गोष्टीला ती कधी हसली नव्हती.

हाक मारणार कोण? किस्कडीच्या दारात कोण येतं-जातं याची यादी पोलीस वर्षभर करत होते. गावातल्या प्रत्येक घरचा कुणी ना कुणी साखरेच्या मळ्यावर कामाला, आणि मळा आता सरकारचा. गोरा गेला, खुर्ची राहिली. एकटा शेजारचा सुतार लेनॉक्स छाती ठोकून म्हणाला होता, "आंटी, मी मारतो हाक. माझ्या आजोबाला त्याने पुस्तकात अमर केलं. मी एवढं नाही करणार?"

"नातेवाइकांची नावं द्यायचीत का?" मिस कॉर्लेटने विचारलं. तिने अर्जाचा कागद पुढे सरकवला. खालच्या अर्ध्या भागात चांगली ऐसपैस जागा होती.

"नातेवाइकांना उर्फ चालतं?"

"त्याबद्दल नियमात काही म्हटलेलं नाही."

आंटी युलाने चश्मा लावला आणि पेन उचललं. "युलाली सेम्पलचा भाऊ," तिने लिहिलं. थोडी थांबली. मग पुढे लिहीत गेली: लाँग बिलीचा भाऊ, दोन-दात्याचा, मुक्या सुखियाचा, कसावा-आजीचा...

ती सगळी माणसं बासष्ट वर्षांपूर्वी मेली होती. संपात मळ्याच्या पुलावर गोळीबार झाला आणि अकरा माणसं पडली. त्याच दिवशी चुना टाकून त्यांना एका खड्ड्यात बुजवलं. तोंड कुणाला दाखवलं नाही. गावाकडे अकरा घरची नावं होती, मळ्याच्या वहीत होती ती कागदावरची. मालक कोर्टात म्हणाले, लाँग बिली नावाचा इसम आमच्या वहीत कधीच नव्हता, तर आम्ही मारला कसा? झालं, कायद्याने कुणीच मेलं नाही.

किस्कडीने सात वर्षं अंगणं तुडवली. म्हाताऱ्यांपुढे बसला, काय म्हणाला, काय म्हणाला करत राहिला आणि वहीतल्या एकेका नावाला घरचं नाव जोडून पुस्तक लिहिलं. गोऱ्या गव्हर्नरने पुस्तकावर बंदी घातली, त्याला चौदा महिने आत टाकलं. मग झेंडा बदलला. आपल्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्याने तोच प्रश्न आपल्या लोकांच्या सरकारला विचारला, तेव्हा आपल्या लोकांनीही आत टाकलं. पण पुस्तक अंगणा-अंगणात वाचलं गेलं होतं. किनाऱ्यावरच्या पोरांना ती अकरा नावं पाढ्यासारखी पाठ होती, त्याच क्रमाने.

दहा नावं लिहून झाली. अकराव्यापाशी तिचं पेन थांबलं.

पुस्तकात अकरावं नाव होतं थंडर. लेनॉक्सचा आजोबा. वहीत फक्त 'जोसेफ, फावडेवाला' एवढंच होतं आणि फावड्यावर जोसेफ दोन होते, थंडर आणि पटवा. त्या दिवसापासून दोघंही गावाला दिसले नाहीत. म्हणजे एक मेला, एक पळाला. थंडरची बायको तोंडाची खमकी, तिने रडून रडून सांगितलं की माझाच पुलावर पडला. पटवाची बायको आधीच वारलेली. मागे राहिली होती सहा वर्षांची झिल्फा, तिला कोण विचारतो? किस्कडीने थंडर लिहिला. त्या दिवसापासून झिल्फा जन्माची पळपुट्याची पोर झाली. लग्न ठरलेलं मोडलं. विहिरीवर, बाजारात, चर्चमध्ये कुणीही उठावं आणि तिला बाप कुठे आहे म्हणून विचारावं.

अकरा वर्षांपूर्वी किस्कडी नदी ओलांडून डच बाजूला, शेजारच्या देशात गेला होता. तिथल्या एका गावच्या दफनभूमीत त्याला थंडरचा दगड सापडला. ऐंशीव्या वर्षी मेला, मागे दुसरी बायको आणि चार मुलं. तिकडेही लोक त्याला थंडरच म्हणायचे, दगडावर तसं कोरलंच होतं. किस्कडी परतला तो थेट झिल्फाच्या दारात गेला आणि चूक झाली म्हणाला. झिल्फाने दाराची फळी लावता लावता एवढंच सांगितलं, "चूक छापून केलीस ना? मग दुरुस्तीही छापून आण, मगच ये."

तोवर त्याचं चार ओळींचं पत्रकही कुणी छापेना. लेनॉक्सला तरी त्याने सांगायला हवं होतं. पण तुरुंगाला न भ्यालेला माणूस शेजाऱ्याला भ्याला. आंटी युला त्याची बहीण होती म्हणून काही तिने हे झाकलं नसतं. आणि खरं सांगायचं तर तीही गप्पच बसली होती.

दवाखान्यात शेवटच्या भेटीत त्याचे ओठ सुजले होते. "युला," तो म्हणाला, "अकरावा बदल."

"कुठे बदलू रे? कुणाच्या छापखान्यात?"

त्याने डोळे मिटले. पुन्हा तो काही बोलला नाही.

आता पेन हातात होतं. थंडर लिहिलं तर उद्या लेनॉक्स हाक मारेल, भाऊ मार्गाला लागेल. पटवा लिहिलं तर लेनॉक्स येणार नाही आणि दुसरा कुणी नाहीच. मागच्या माणसाने "आवरा हो आंटी" म्हटलं. तिने लिहिलं: आणि पटवाचा भाऊ.

मिस कॉर्लेटने कागद घेतला. ती बोट ठेवून वाचत गेली. चौथ्या-पाचव्या नावापाशी बोट हळू झालं. मग ते नुसतंच एकेका नावावर टेकत गेलं, ओठ मात्र नावाच्या आधीच हलू लागले. अकराव्यापाशी ती अडखळली आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "आंटी, हे शेवटचं चुकलंय. थंडर हवं."

आंटी युलाने चश्मा काढला. "नाही पोरी. चूक पुस्तकात होती."

मिस कॉर्लेटने मागे साहेबाच्या काचेच्या खोलीकडे पाहिलं. मग तिने शिक्का उचलला आणि कागदावर दाबून मारला. "साडेबाराला लागेल," ती मोठ्याने म्हणाली. "पुढचे कोण?"

साडेबारा वाजले तेव्हा आंटी युला गावाकडच्या मिनीबसमध्ये होती. मृत्यूच्या बातम्यांचं ऑर्गन वाजलं तसा ड्रायव्हरने आवाज वाढवला. बसमधली भांडणंसुद्धा थांबली. त्या देशात तेवढा पाव तास कुणी बोलत नाही. न जाणो, आपलंच कुणी असायचं.

"अडॉल्फस थिओफिलस सेम्पल, राहणार प्रॉमिस," निवेदक म्हणाला.

"कोण गं हा?" मागच्या सीटवरच्या बाईने शेजारणीला विचारलं.

"असेल कुणी शाळामास्तर. नावच केवढं लांबलचक. पुरायला दोन खड्डे लागतील मेल्याला."

"युलाली सेम्पलचा भाऊ. लाँग बिलीचा भाऊ. दोन-दात्याचा भाऊ. मुक्या सुखियाचा भाऊ..."

निवेदक एकसुरी वाचत होता, त्याला काही सोयरसुतक नव्हतं. पण बसमध्ये कुणीतरी श्वास आत ओढला. कसावा-आजीपाशी एका म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. मघाची बाई हात तोंडावर धरून म्हणाली, "अरे देवा. किस्कडीला खाल्लं रे यांनी."

"हळू बोल," शेजारीण पुटपुटली. "तुझा नवरा मळ्यावर आहे."

"...आणि पटवाचा भाऊ. दफन गुरुवारी दुपारी दोन वाजता."

"पटवा?" टोपीवाला म्हातारा मागे वळला. "पटवा कुठून आला यात? तो तर पळाला होता!"

"रेडिओवाल्यांनी घोळ घातला असेल."

"घोळ कसला? बाकीची दहा बरोबर म्हटली की."

आंटी युला खिडकीकडे तोंड करून बसली होती. आत्ता बोलावं, असं तिला फार वाटलं.  तिचा थांबा आला आणि ती उठली तेव्हा ड्रायव्हरने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं, गाडीचं इंजिन बंद केलं आणि ती रस्ता ओलांडून जाईपर्यंत सुरू केलं नाही.

लेनॉक्स तिच्या फाटकात उभा होता. हातात रंधा, डोळे लाल. त्याने रेडिओ ऐकला होता का, हे विचारावंच लागलं नाही.

"आंटी, हे काय केलंस तू?"

"आत ये. चहा टाकते."

"चहा गेला खड्ड्यात! माझा आजोबा पुलावर मेला. माझ्या बापाने हे सांगत सांगत डोळे मिटले. शाळेत मास्तर मला उभा करायचा, म्हणायचा, बघा थंडरचा नातू. आणि तू त्याला रेडिओवरून पळपुटा ठरवलंस? भरदुपारी? सगळ्या देशासमोर?"

"मी नाही रे ठरवलं. तो डच बाजूला ऐंशीव्या वर्षी मेला, लेनॉक्स. किस्कडीने दगड पाहिला."

"केव्हा?"

ती फाटकाची कडी चाचपू लागली.

"केव्हा पाहिला म्हणतो मी!"

"अकरा वर्षं झाली."

लेनॉक्सचा आवाज एकदम बसला. "अकरा वर्षं. माझ्या ओट्यावर बसून डॉमिनो खेळायचा. माझ्या ताटात जेवायचा. आणि एकदाही बोलला नाही?" त्याने रंधा या हातातून त्या हातात घेतला. "मग आता माझ्याकडून हाक कशाची मागता? बोलव ना झिल्फाला. तिच्या बापाला मोठं केलंस, आता तिनेच मारू दे हाक."

तो गेला. त्याच्या रागात खोटं काहीच नव्हतं, हेच तिला जास्त लागलं. झिल्फा कालव्याच्या पार वरच्या टोकाला, मळ्यामागच्या दलदलीत राहायची. तीस वर्षांत ती प्रॉमिसमध्ये फक्त मीठ आणि रॉकेल घ्यायला आली होती. तिच्याकडे रेडिओ होता की नाही, हेही कुणाला माहीत नव्हतं.

गुरुवारी सकाळी दहा वाजता पोलिसांनी गावाबाहेरच्या पंपापाशी रस्ता अडवला. दुरुस्ती चालू आहे म्हणाले. फावडं एकाच्याही हातात नव्हतं. पलीकडे बस, गाढवगाड्या, सायकली साचत गेल्या. कुणी तासभर थांबलं, कुणी दोन तास, आणि मग एकेक करून माघारी वळले. बातमी गावात पोचली. आंटी युलाला क्षणभर आनंद झाला. लोकांना कळलं होतं तर. पण कळून उपयोग काय, अडीचशे माणसं पंपापलीकडे आणि खड्डा अलीकडे.

खड्ड्याशी मोजून सहा जण होते. ती, शहरातून गाडीत घालून आणलेला पाद्री, खड्डा खणणारे दोघे, आणि दोन पोलीस. खणणारे दोघेही तिचे चुलतभाऊ, म्हणजे रक्ताचे. थोरला पोलीस वही घेऊन उभा होता. आजूबाजूच्या घरांच्या खिडक्या मिटलेल्या, पण फटी उघड्या. लेनॉक्सच्या अंगणातून रंध्याचा आवाज येत होता. तो थांबत नव्हता. एवढं लाकूड त्याच्याकडे नव्हतंच मुळी.

पेटी दवाखान्याची होती, कच्च्या फळ्यांची. पाद्र्याने अडॉल्फस थिओफिलस असं वाचलं आणि दुसऱ्या नावाला अडखळून पुन्हा वाचलं. पेटी दोरांवर चढली. चुलतभाऊ दोर धरून तिच्याकडे बघू लागले. 

"सोडा," धाकटा पोलीस म्हणाला.

"थांबा जरा," ती म्हणाली.

"कुणासाठी थांबायचं?"

 तिने पाद्र्याचा हात धरला. "फादर, तुम्ही मारा हाक. किस्कडी म्हणा. तीन वेळा म्हणा फक्त."

"असली रानटी नावं मी घेत नाही, बाई," पाद्री म्हणाला आणि त्याने हात सोडवून घेतला.

ती मटकन मातीच्या ढिगावर बसली. आपणच मारावी हाक, असं मनात आलं आणि ती घाबरली. मागे वळला तर? हा माणूस इतका थकलेला, त्याला पुन्हा या देशात आणायचं? तिला रडू फुटलं. कुणाचीही पर्वा न करता ती रडली.

तेव्हा कालव्यात वल्ह्याचा आवाज झाला. गवत बाजूला झालं आणि बुडाला डांबर लावलेली एक चपटी होडी काठाला लागली. आत एकटी म्हातारी. पांढरा झगा, डोक्याला पांढरं फडकं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. झिल्फा होती. कालवा अडवायचं पोलिसांना सुचलं नव्हतं.

ती चढण चढून आली. आंटी युला उठायला लागली तशी झिल्फाने हाताने तिला बस म्हटलं.

"पहाटे निघाले. पाणी उतरलेलं, म्हणून उशीर झाला," ती म्हणाली. "युला, ते नाव तू लिहिलंस की त्याने सांगितलं?"

"त्याने सांगितलं. शेवटचं तेवढंच बोलला."

झिल्फाने मान हलवली. "एक लक्षात ठेव. मी माफ करायला नाही आले. हाक मारायला आलेय. ती दोन वेगळी कामं आहेत."

ती खड्ड्याच्या अगदी कडेला गेली. धाकटा पोलीस पुढे सरला, पण थोरल्याने, का कोण जाणे, त्याला हाताने अडवलं.

"किस्कडी!" तिने पहिली हाक मारली. आवाज चिरका होता, वापरात नसल्यासारखा. लेनॉक्सचा रंधा थांबला.

"किस्कडी!" एका घराची खिडकी पुरती उघडली.

तिसऱ्या हाकेआधी तिने दम घेतला. तिच्या गळ्याच्या शिरा वर आल्या. "किस्कडी! जा आता. ऐकलं मी."

चुलतभावांनी दोर सोडले. पेटी खाली टेकली. आंटी युलाने मूठभर माती टाकली, झिल्फाने टाकली नाही. ती होडीकडे निघाली तशी थोरला पोलीस वही उघडून आडवा आला.

"नाव?"

"झिल्फा. पटवाची मुलगी."

"कागदावरचं सांग."

"झिल्फा जोसेफ. आता पुढे बापाचं नाव लिही."

"बापाचं विचारलं नाही, आंटी."

"मी सांगतेय ना. जन्मभर लोक विचारत आले, आज मी सांगतेय. लिही. पटवा, फावडेवाला. मळ्याच्या पुलावर गोळी लागून मेला. पळाला नाही."

पोलिसाने रस्त्यावरच्या जीपकडे पाहिलं. मग खिडक्यांकडे पाहिलं, त्या आता बऱ्याच उघडल्या होत्या. लेनॉक्स फाटकाशी येऊन उभा होता. पोलिसाने मान खाली घातली आणि लिहायला लागला. लिहायला त्याला वेळ लागला.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

"वाच."

त्याने तोंडातल्या तोंडात वाचलं.

"मोठ्याने," झिल्फा म्हणाली.